दाराच्या आतली बाजू

बंद दार हा आमच्या मांजरीला स्वतःचा अपमान वाटतो. ती दाराच्या कुठल्या बाजूला आहे, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आत असली की बाहेर जायचं असतं, बाहेर असली की आत यायचं असतं, आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं की मधोमध बसून पंजा चाटायचा असतो. मी अंघोळीला गेले की ती न्हाणीघराबाहेर असा गळा काढते, की आत मला कुणी बुडवतंय असं शेजाऱ्यांना वाटावं. कपाटाचं दार, टेबलाचा खण, माझ्या पर्सची चेन, मिटलेलं म्हणून काही तिला खपत नाही. एकदा मी पिठाच्या डब्याचं झाकण घ्यायला वळले, तेवढ्यात बाईसाहेब डब्यात. ते पीठही गेलं आणि ती संध्याकाळही गेली.

तिचं नाव उंडगी. आधी मी एक छानसं, मऊ नाव ठेवलं होतं. पण "कुठे उलथली ती उंडगी?" असं दिवसभर विचारून विचारून हेच चिकटलं, आणि आता मला ते जुनं नाव आठवतही नाही.

यातली खरी गंमत अशी, की माझा नवरा कुलूप-किल्लीवाला आहे. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही इथे मास्तरच म्हणते. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं दुकान आहे. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, टेबलाला ठोकलेली लोखंडी पकड, कानशी, आणि चष्म्याच्या एका जुन्या डबीत वाकवलेल्या तारा. त्या तारांनी मास्तर कुठलंही कुलूप उघडतात. कुणाची किल्ली आत राहून दार ओढलं गेलं, कुणाची किल्ली कुलपातच मोडली, की लोक धावत येतात. अर्ध्या गावाची दारं मास्तरांच्या भरवशावर बंद होतात. आणि आमच्या स्वतःच्या घरात एक दार धड बंद राहील तर शपथ.

तिला आणलं तेही मास्तरांनीच. एका भाडेकरूने घर सोडलं, किल्ली काही घरमालकाला दिली नाही, म्हणून मास्तरांना बोलावणं आलं. गेले दार उघडायला आणि परत आले ते शर्टाच्या आत मूठभर मांजर घेऊन. "आत होती," एवढंच म्हणाले. मीही जास्त खोदून विचारलं नाही. शर्ट नवा होता आणि तिने त्यात मुतून ठेवलं होतं, मला त्याचंच पडलं होतं.

मी लाँड्रीत कामाला आहे. हॉटेलांच्या चादरी येतात, त्या गरम रोलरमधून काढायच्या, कोपऱ्याला कोपरा लावून घड्या घालायच्या. दिवसभर पांढरं, गुळगुळीत, सरळ. घरी आलं की काळे केस. उशीवर, चहात, आणि माझ्या कामाच्या ड्रेसला तर इतके की आमची मुकादम मला दारातच ब्रश हातात देते. एवढं सगळं सांगितलं ते अशासाठी, की मला त्या मांजरीचं काही विशेष कौतुक होतं असा कुणी गैरसमज करून घेऊ नये.

तर ही उंडगी एके दिवशी समोरच्या सलूनच्या पत्र्यावरून पडली. तिथे काय करत होती ते तिचं तिला माहीत. मी कामावरून आले तर खिडकीतून मागचा पाय ओढत आत येत होती, आणि आवाज नाही. ही आणि गप्प? माझ्या हातातली पिशवी तिथेच पडली.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी हाडात पिन घातली. शांत बाई, बोलणं मोजकं. म्हणाल्या, "सहा आठवडे उडी नाही, चढणं नाही, पळणं नाही. पिंजऱ्यात ठेवा. पिन हलली आणि हाड जुळलं नाही, तर पाय काढावा लागेल."

मी विचारलं, "तीन पायांवर जगतात का हो मांजरी?"

"जगतात ना. पुष्कळ जगतात." मग त्यांनी टेबलावर पडलेल्या उंडगीकडे बघितलं. गुंगी पुरती उतरली नव्हती, तरी एक पंजा शेजारी ठेवलेल्या, तिला आणायच्या पेटीच्या दाराच्या फटीत घालून ठेवलेला होता. "ही कशी राहील ते तुम्हीच ओळखा."

मी ओळखलं. जिचं नावच उंडगी, तिने खिडकीखाली बसून वर बघत राहायचं. ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला मास्तरांचाच राग आला. का ते सांगता येणार नाही. जवळ तेच उभे होते.

पिंजरा एक दिवस टिकला. म्हणजे पिंजरा टिकला, तिचं नाक टिकलं नाही. जाळीवर थोबाड घासून घासून तिने नाक सोलून घेतलं, पाण्याची वाटी उलटी केली आणि तिच्यावर उभी राहून किंचाळत बसली. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, छोटी खोली द्या, जिथे चढायला काही नाही. दुकानाच्या मागे आमची अडगळीची खोली आहे. मी रविवारभर राबून ती रिकामी केली. जुने डबे, मोडका पंखा, शिलाई मशीन, सगळं आमच्या झोपायच्या खोलीत आणलं. आम्ही दोघं अडगळीत झोपायला लागलो आणि मांजरीला स्वतंत्र खोली मिळाली.

"कोंडून ठेवायचं ना? ते माझ्यावर सोड," मास्तर म्हणाले. "माझा धंदाच आहे."

म्हणून मी सोडलं. पहिल्या दिवशी दाराला कडी होती. संध्याकाळी आले तर उंडगी दुकानाच्या टेबलाखाली, किल्ल्यांच्या कचऱ्यात बसलेली. मास्तर म्हणाले, "दार हलवून हलवून कडी पाडली असणार. हुशार आहे." मी म्हटलं, ठीक आहे, कडी जुनीच होती. त्यांनी आडवा सरकता बोल्ट बसवला. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात. "फटीतून पंजा घालून सरकवला असेल." मग लॅच बसवलं, स्प्रिंगचं, आपोआप लागणारं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी घरात पाऊल टाकलं तर ती माझ्या अडगळीतल्या पलंगावर, माझ्या उशीवर.

"लॅच कसं उघडलं हिने?"

"तेच तर," मास्तर म्हणाले. "बघण्यासारखं आहे."

बघण्यासारखं. माझ्या अंगाची लाही लाही होत होती आणि हा माणूस कौतुक करत होता. त्यांच्या कुलपाला कुणी नाव ठेवलेलं एरवी त्यांना मुळीच सहन होत नाही. एका गिऱ्हाइकाने "कुलूप जरा ढिलं वाटतं" म्हटलं, तर त्याचे पैसे परत करून त्याला दुकानाबाहेर काढणारा हा माणूस. समोरच्या सलूनवाल्याला तर आयता विषय मिळाला. ज्याची दाढी करेल त्याला तो सांगायचा, "मास्तरांची कुलपं मांजर उघडते. आता चोरांनी काय, एक मांजर पाळावी." हे ऐकून मास्तर हसायचे. खाली मान घालून कानस घासत राहायचे आणि हसायचे. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला. डॉक्टरबाईंनी फोटो उजेडाला धरला आणि बोट ठेवलं. पिन केसभर सरकली होती.

"उडी मारते का?"

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी छताकडे बघितलं.

"हे शेवटचं सांगते," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी फोटोत हीच जागा आणखी सरकलेली दिसली, तर मी पिन पुन्हा घालणार नाही. तिला उगाच दोनदा कापायचं नाही."

परतीच्या वाटेवर पेटी माझ्या मांडीवर होती आणि आतून अखंड बोंब चालू होती. मी त्या बोंबेच्या वरच्या आवाजात बोलले. म्हटलं, "गावाची दारं बंद करता, आणि तीन किलोची मांजर तुमच्या हातून बंद होत नाही? नाक कापलं गेलं आपलं. ते कापलं तर कापलं, तिचा पाय तरी कापला जाऊ देऊ नका." बसमधली माणसं ऐकत होती. घरी आल्यावर त्यांनी दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप काढलं, किल्लीचं, जाड जिभेचं, आणि त्या दाराला बसवलं. ते आतल्या बाजूने चार स्क्रूंनी बसतं आणि बाहेरून किल्लीने उघडतं. "आतून स्क्रू काढले तरच निघेल," मास्तर म्हणाले. मी म्हटलं, "मांजरीच्या हाती स्क्रूड्रायव्हर लागणार नाही एवढं बघा म्हणजे झालं."

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी लाँड्रीतला बॉयलर बंद पडला. वाफ नाही म्हणजे रोलर नाही, रोलर नाही म्हणजे आम्हाला काम नाही. मुकादमने सगळ्यांना दुपारीच घरी सोडलं. मी मागच्या दाराने आत आले. चपला ओल्या होत्या म्हणून बाहेरच काढल्या, त्यामुळे माझ्या पावलांचा आवाज झाला नसणार.

अडगळीच्या खोलीतून उंडगीचं रडणं चाललं होतं. ओरडणं नाही, रडणं. ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं, कारण मी घरी असले की ती माझ्यावर ओरडायची. हा आवाज बारीक होता, खालून यायचा, थांबायचा आणि पुन्हा तिथूनच सुरू व्हायचा.

मग मास्तरांचा आवाज आला. "थांब. थांब गं बाई. उघडतोय ना."

किल्ली फिरली.

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मास्तरांनी दार उघडलं आणि जमिनीवर फतकल मारली. उंडगी लंगडत बाहेर आली, त्यांच्या गुडघ्याला डोकं घासलं. ते तिला सांगत होते, "ती यायच्या आत परत जायचं हं. आणि उडी नाही. काल कबूल केलंस ना?" दोन्ही हातांचं कुंपण करून बसले होते. तिने त्या कुंपणाकडे बघितलं, मास्तरांच्या मांडीवर चढली, तिथून खांद्यावर, आणि खांद्यावरून सरळ दुकानाच्या टेबलावर उडी. उतरताना मागचा पाय वाकडा पडला. किल्ल्यांचा डबा खाली गेला.

मी धावले. तिला छातीशी धरून खोलीत ठेवलं, दार ओढलं, किल्ली फिरवली आणि काढून घेतली. मग मास्तरांना मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. सलूनवाल्याने रेडिओ बंद केला होता, म्हणजे त्याला सगळं ऐकू गेलं. कडीही त्यांनीच काढली होती. बोल्टही, लॅचही. मांजर हुशार नव्हती. नवरा लबाड होता. आख्ख्या गल्लीत स्वतःच्या कुलपांचं हसं करून घेतलं, पण दार काही बंद ठेवलं नाही.

ते जमिनीवरच बसून होते. पसरलेल्या किल्ल्या एकेक करून डब्यात टाकत म्हणाले, "तुला ते घर आठवतं? जिथून हिला आणली?"

"तुम्ही कुठे काय सांगितलंत? आत होती म्हणालात."

"स्वयंपाकघरात होती. बाहेरच्या दाराचं कुलूप मी काढलं आणि मग आतलं दार. त्याला बाहेरून कडी घातलेली होती. मी ती काढली, दार ढकललं." त्यांनी हाताने जमिनीपासून वीतभर उंची दाखवली. "इथपर्यंत ओरखडे होते. दाराच्या आतल्या बाजूला. रंग पूर्ण गेलेला, लाकूड उघडं पडलेलं. हिचा पंजा पोचेल तिथपर्यंत, त्याच्या वर एकही नाही. शेजारीण म्हणाली, काही दिवस आवाज यायचा, मग थांबला."

"आणि कुणी बघितलं नाही?"

"कुलूप होतं ना बाहेर. लोक कुलूप बघून परत फिरतात." डब्याचं झाकण त्यांनी हातात धरलं, लावलं नाही. "मी उघडलं तेव्हा ही ओरडत नव्हती. नुसती बसली होती, दाराकडे तोंड करून. ओरडणं सोडून दिलं होतं तिने. आता ती ओरडते, म्हणजे तिला वाटतं की कुणीतरी येईल. आणि मी चार हातांवर बसून कानस घासत राहू?"

माझा राग गेला नाही. खोटं कशाला सांगू, गेला नाही. पण तो कुणावर काढायचा ते कळेना. म्हटलं, "रडते म्हणून दार उघडायचं आणि तिचा पाय घालवायचा, हे चांगलं का?"

"नाही."

"मग?"

"कळतं मला. कळून होत नाही."

आत उंडगी पुन्हा सुरू झाली होती. मास्तरांचा हात किल्ली शोधत खिशाकडे गेला. किल्ली माझ्याकडे होती, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात तसाच मांडीवर ठेवला. मीही खाली बसले. मला तो आवाज आता वेगळाच ऐकू येत होता, आणि त्याचाही मला राग आला. इतके दिवस मी बिनघोर वैतागत होते, तीही सोय गेली.

रात्रभर विचार करून मी सकाळी उठले आणि त्यांची पकड टेबलापासून सोडवली.

"हे काय चाललंय?"

"बाहेर बसून तिचं रडणं तुम्हाला ऐकवत नाही ना? मग आत बसा. ती एकटी कोंडलेली राहणार नाही, आणि तुम्ही दार उघडणार नाही. दोघांवर मीच कुलूप घालते."

मला वाटलं होतं, वाद घालतील. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "उजेड कमी आहे तिथे. दिवा लागेल."

आम्ही मिळून सगळं आत नेलं. बुटकं टेबल, पकड, कानशी, स्क्रूड्रायव्हर, कोऱ्या किल्ल्यांचा एक जुडगा, दिवा, पाण्याची बाटली. उंडगीचं खोकं टेबलाखाली ठेवलं. त्या खोलीला बाजूने गल्लीत उघडणारी एक खिडकी आहे, गजांवर बारीक जाळी मारलेली, कोपऱ्यात किल्लीपुरती फट. गिऱ्हाइकांनी तिथून किल्ली द्यायची आणि तिथूनच घ्यायची, असं ठरलं. दुपारच्या सुट्टीत मी येऊन मास्तरांना तेवढ्यापुरतं सोडायचं. सगळं झाल्यावर चष्म्याची ती डबी राहिली, तारांची. मी ती उचलली. मास्तर माझ्याकडे बघत होते. ती डबी बाहेर ठेवली असती, तरी स्क्रूड्रायव्हर आत होताच. आणि स्क्रूड्रायव्हर काढून घेतला असता, तर त्यांनी काम कशाने करायचं? मी डबी त्यांच्या टेबलावर ठेवली, बाहेर आले आणि किल्ली फिरवली.

त्या दिवशी लाँड्रीत माझं लक्ष नव्हतं. मी दोन चादरी उलट्या घातल्या. मनात येईल त्या क्षणी बाहेर पडता येईल असा माणूस मी कोंडून आले होते. कुलूप मी लावलं होतं खरं, पण ते टिकणार होतं त्यांच्या हातांवर, आणि त्या हातांचा मला काडीचाही भरवसा नव्हता. दुपारी जवळजवळ पळत घरी आले.

कुलूप होतं तसं होतं. आतून उंडगीचं रडणं येत होतं, आणि मास्तरांचं बोलणं. "मलापण कोंडलंय गं. बघ माझ्याकडे. मी करतोय का आरडाओरडा?" ती मोठ्याने ओरडली. "बरं, मीही करतो," असं म्हणून मास्तरही ओरडले. खिडकीशी सलूनवाला उभा होता. त्याचं तोंड उघडंच राहिलेलं मी पाहिलं. मी दार उघडलं तेव्हा मास्तरांचा चेहरा घामाने थबथबलेला होता आणि सकाळपासून एकच किल्ली झाली होती, तीही चुकलेली.

"बाहेर यायचंय?" मी विचारलं.

"जेवून परत बसतो," ते म्हणाले.

पुढचे दिवस सरळ गेले असं नाही. उंडगीने कानशीच्या मुठीला दात लावले, गिऱ्हाइकाची किल्ली खोक्यात नेऊन तिच्यावर झोपली, आणि तिला उठवायची मास्तरांची छाती झाली नाही, म्हणून एका बाईला आपल्या घराबाहेर पायरीवर बसून राहावं लागलं. सलूनवाला आता दाढी करताना नवीन गोष्ट सांगायला लागला. मास्तरांना बायकोने कोंडलंय, आणि सोबतीला मांजर दिलीय. बायका मला रस्त्यात थांबवून विचारायच्या, "का गं, इतकं काय केलं त्यांनी?" मी काय सांगणार? मी म्हणायचे, मांजरीचा पाय मोडलाय. त्या हसून निघून जायच्या.

मी मात्र रोज घरी येताना कोपऱ्यावरच कान टवकारायचे. रडणं कमी झालं होतं. मग एका दुपारी मुळीच ऐकू आलं नाही. मास्तरांनी सांगितलेलं आठवलं, आवाज थांबला होता म्हणून. मी घाईने किल्ली फिरवली. दार उघडलं तर मास्तर एक पाय लांब करून, अवघडून बसले होते. त्यांच्या पोटरीवर डोकं ठेवून उंडगी घोरत होती. मास्तरांनी तोंडावर बोट ठेवलं.

"किती वेळ झाला?"

"पाय मेलाय माझा," ते कुजबुजले. "जा तू. नंतर ये."

मी बाहेरून पुन्हा कुलूप लावलं आणि त्या दिवशी माझं जेवण एकटीने, उभ्यानेच केलं.

सहा आठवडे संपले तेव्हा डॉक्टरबाईंनी फोटो उजेडाला धरला आणि जुन्या फोटोशेजारी ठेवून बघितला. मास्तरांनी माझं मनगट धरलं होतं, ते दुखत होतं. बाई म्हणाल्या, "जुळलं." मग त्यांनी उंडगीचा पाय वाकवून बघितला, तिने त्यांना चावून बघितलं, आणि आम्ही घरी आलो.

पेटी उघडल्याबरोबर ती बाहेर आली, शेपटी ताठ. आमच्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडच्या खिडकीखाली गेली, वर बघितलं, मागचा भाग हलवला, आणि उडी मारली. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ती गजांमधून पलीकडे गेलेली होती, आणि थोड्याच वेळात सलूनचा पत्रा वाजला. मास्तर म्हणाले, "गेली." आणि नाक शिंकरायला बाजूला गेले.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. अडगळ परत तिच्या खोलीत न्यायची म्हणून मी झाडायला घेतली. सहा आठवड्यांचे केस, किल्ल्यांचा पितळी भुगा, कुरतडलेल्या खोक्याचे तुकडे. झाडताना दार लोटलं गेलं आणि आतली बाजू माझ्यासमोर आली. एवढ्या दिवसांत ती मी कधी नीट बघितलीच नव्हती. मी यायचे ते बाहेरून.

खाली ओरखडे होते. वीतभर उंचीपर्यंत, रंग उडालेला. त्याची माझी तयारी होती. त्या रंगाचा खर्च कोणाच्या बोकांडी बसणार, हेही माझ्या मनात येऊन गेलं. मग माझी नजर वर कुलपाकडे गेली.

चारही स्क्रूंच्या खाचा झिजून चकाकत होत्या. पूर्ण काढलेला एकही नव्हता, पण प्रत्येक कितीतरी वेळा सैल करून परत आवळलेला होता. आणि सभोवतीच्या लाकडावर चरे होते, स्क्रूड्रायव्हर घसरल्याचे. मास्तरांचा हात घसरत नाही. डोळे बांधून काम दिलं तरी घसरायचा नाही. इथे मात्र चऱ्यावर चरा होता. काही चऱ्यांत धूळ बसून ते काळे पडले होते, काही अजून ताजे होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत रोज चाललं होतं. खाली तिचे, वर त्यांचे.

मी बोटाने ते चरे चाचपले. मला फार वाईट वाटलं, आणि त्या दोघांचा फार अभिमानही वाटला, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

तेवढ्यात घरात कालवा सुरू झाला. उंडगी पत्र्यावरून परत आली होती आणि न्हाणीघराच्या दाराबाहेर बसून गळा काढत होती. मास्तर आत अंघोळ करत होते. आतून त्यांचा आवाज आला, "अगं, तिला सांग, नुसतं लोटलंय दार. कडी नाही लावलेली."

मी झाडू भिंतीला टेकवून ठेवला, जाऊन ते दार सताड उघडलं. उंडगी उठली, मधोमध येऊन बसली आणि पंजा चाटायला लागली.

"अगं, वारा येतोय," मास्तर आतून म्हणाले.

"येऊ दे," मी म्हटलं.